खालच्या खोलीतली ओल

भाडेकरूला आम्ही कधी आडनाव विचारलं नाही, हे मी कित्येक वर्षं ज्याला त्याला ऐकवत आले आहे. बीडमध्ये खोली बघायला आलेल्या माणसाला पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आधी आडनाव विचारतात. सरळ विचारतील तर शपथ. गाव कोणतं, गावात घर कुठल्या अंगाला, तिकडचे अमके पाटील ओळखीचे असतील ना, असं गोल गोल फिरून तिथे पोचायचं, आणि उत्तर मनासारखं आलं नाही की खोली अचानक पुतण्यासाठी राखून ठेवलेली निघते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं. हजेरी घेताना सगळी आडनावं एकाच आवाजात वाचली. घर भाड्याने देतानाही माझा आवाज बदलणार नाही, असा माझा ताठा होता आणि तो मी मिरवतही होते.

ती आली तेव्हा आमची खालची जागा नुकतीच रिकामी झाली होती. सरकारी दवाखान्यात परिचारिका, तिशीतली, सोबत आई. नवरा बरोबर नव्हता, आणि तोही प्रश्न आम्ही विचारला नाही. पहिल्या दिवसापासून मी तिला सिस्टर म्हणू लागले. तिची आई माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी, पण दिसायला दहा वर्षांनी. त्यांना मी मावशी म्हणे आणि त्या मला मास्तरीणबाई. मावशींचं सगळं आयुष्य ऊसतोडीत गेलेलं. गाव उमापूरच्या बाजूला, पण दसरा-दिवाळी झाली की टोळीबरोबर कारखान्याकडे जायचं आणि पाऊस तोंडावर आला की परतायचं. तिकडे सहा महिने उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, काढायचे. पोरगी शिकली, नोकरीला लागली आणि तिने आईच्या हातातला कोयता काढून घेतला. आईला एकदा स्लॅबच्या घरात ठेवायचं आहे, असं ती खोली बघताना म्हणाली होती. बघताना तिने भिंतींकडे फारसं पाहिलंच नाही, ती माझ्या तोंडाकडे बघत होती. सामान उतरलं तेव्हा त्यात बुद्धाची मूर्ती होती. आमच्या ह्यांनी ती पाहिली, मीही पाहिली, आणि दोघंही काही बोललो नाही. त्या न बोलण्याचं मला पुढे बरेच दिवस कौतुक वाटत राहिलं, स्वतःचंच.

घराबद्दल थोडं सांगायला हवं. खालचा मजला आम्ही नोकरीत असताना बांधला. पुढची मोठी खोली, मागे स्वयंपाकघर, बाजूला न्हाणी. पोर्चच्या खाली हौद. बीडमध्ये नळ आठ-दहा दिवसांनी येतो, उन्हाळ्यात त्याचाही भरवसा नाही, त्यामुळे इथे लोक आधी हौद केवढा हे ठरवतात आणि मग घर. आमचा हौद गल्लीत सगळ्यात मोठा. त्याची एक बाजू पुढच्या खोलीच्या भिंतीला अगदी चिकटून आहे. आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, धरणाच्या पाण्याची पातळी मोजण्यात त्यांची हयात गेली. घरच्या हौदालाही त्यांनी आतून रंगाच्या खुणा केल्या होत्या आणि रोज सकाळी झाकण उचलून ते पातळी बघत. पुढे वरचा मजला झाला आणि आम्ही वर राहायला गेलो. खालची जागा भाड्याने द्यायची. एक भाडेकरू गेला की दुसरा यायच्या आत डिस्टेंपरचे दोन हात मारून खोली लख्ख करून द्यायची, ही आमची पद्धत. नवा रंग बघून माणूस खूश होतो. आमच्या गल्लीत सगळे असंच करतात.

सिस्टर आणि मावशी म्हणजे माझ्या लेखी आदर्श भाडेकरू. भाडं वेळच्या वेळी. मोठ्याने टीव्ही नाही. येणं-जाणं नाही. एका शब्दाची कुरकुर नाही. शेजारीण तिच्या भाडेकरूंचं गाऱ्हाणं घेऊन आली की मी म्हणायची, आमचे बघा, दोन वर्षांत एक खिळा मागितला नाही. बुद्धपौर्णिमेला खिरीचं पातेलं वर यायचं, मी ते रिकामं परत करायची नाही, त्यात साखर नाहीतर दोन फळं घालून खाली नेऊन द्यायची. उंबऱ्यातूनच द्यायची. आत या म्हणून सिस्टर दर वेळी म्हणे आणि मी दर वेळी म्हणे, नको, गॅसवर दूध आहे. दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसू नये, हे माझं तत्त्व. ते तत्त्वच होतं की आणखी काही, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. आज विचारते, तर खात्रीने उत्तर देता येत नाही.

एकच गोष्ट खटकायची. मावशी घरात थांबत नसत. सिस्टर ड्युटीवर गेली की त्या पोर्चमध्ये येऊन बसत. सकाळी पोर्चमध्ये, दुपारी जिन्याखाली, तिथेच जेवण, तिथेच डुलकी. थंडीतसुद्धा वाकळ पांघरून बाहेर. शेवटी त्यांनी आपली बाजच जिन्याखाली आणली. ह्यांना ते आवडेना, दारात बाज बरी दिसत नाही म्हणाले. मी मावशींची बाजू घेतली. जन्म कोपीत गेलाय, उघड्यावरची सवय आहे त्यांना, चार भिंतींत जीव घुसमटत असेल, असं मी ह्यांना समजावलं. किती समजूतदार बाई मी. मावशींना खोकला होताच. पाचटाचा धूर, चुलीचा धूर, वय, अशी मी त्याचीही कारणं लावून टाकली होती. मला कोणी विचारलं नव्हतं तरी माझ्याकडे सगळ्याची उत्तरं तयार होती.

दुसरी कुरबुर पाण्याची. ती ह्यांची. हौदाची पातळी रोज जेवढी उतरायला हवी त्याहून जास्त उतरते, असं ह्यांचं म्हणणं. वर आम्ही दोघंच, मोजून वापरतो, म्हणजे खालीच उधळपट्टी. ह्यांनी मोटारीच्या बटणाजवळ कागद चिकटवला, खालच्यांनी सकाळी पंधरा मिनिटंच मोटार लावावी. सिस्टरला बोलावून चांगलं सुनावलंही, की बाई, हे बीड आहे, इथे पाणी जपावं लागतं. ती म्हणाली, बरं सर. तरी पातळी उतरतच राहिली, तेव्हा पंधराची दहा मिनिटं झाली. मावशी त्यानंतर एक दिवसाआड आंघोळ करू लागल्या, हे मला नंतर कळलं.

गेल्या मे महिन्यात एका सकाळी सिस्टरचा फोन आला. आईला दम लागला, पहाटेच दवाखान्यात आणलंय, ॲडमिट केलंय. आधार कार्ड आणि दोन लुगडी हवीत, तिला वॉर्ड सोडून येता येत नाही. एक किल्ली आमच्याकडे असायचीच. तर मी आत जाऊन कपाटातून काढून देईन का, म्हणजे तिच्या मावसभावाबरोबर पाठवता येईल. ती दोनदा म्हणाली, मॅडम, पसारा असंल, बघू नका. मला वाटलं, बायकांचं नेहमीचं बोलणं.

कुलूप काढलं आणि वास आला. बाहेर ऊन भाजत होतं, डांबर पातळ व्हायची वेळ, आणि आतून पावसाळ्यातल्या गोणपाटाचा यावा तसा कुबट गार वास. पसारा कसला, खोली आरशासारखी झाडलेली. फक्त सगळं सामान एका बाजूला ओढलेलं. कॉट, टेबल, पेटी, सगळं हौदाकडच्या भिंतीपासून दूर. त्या भिंतीला एकटं लोखंडी कपाट उभं, तेही चार विटांवर, आणि बाकीची भिंत खतांच्या पोत्यांच्या आतल्या प्लास्टिकने झाकलेली. प्लास्टिक कडेने चिकटपट्ट्यांनी नीट चिकटवलेलं, वरून कॅलेंडर टांगलेलं. अंधार होता म्हणून मी दिवा लावायला गेले. बोर्डाखाली रबरी चपलांचा एक जोड ठेवलेला. खोलीत चप्पल कशाला, असं मनात म्हणत मी अनवाणीच बटण दाबलं आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. मोठा झटका नव्हता. पण चपलांचा जोड तिथे का आहे ते मला त्या क्षणी कळलं. मी त्या पायात घातल्या आणि मग दिवा लावला.

प्लास्टिकचं एक टोक मी उचललं. भिंत छातीपर्यंत काळी पडली होती. काळी, मध्ये हिरवट, काही ठिकाणी पांढऱ्या बुरशीची लव. आमच्या डिस्टेंपरचे पोपडे प्लास्टिकच्या आत साचून राहिलेले. बोट लावलं तर बोट ओलं झालं. मे महिन्यात, बीडमध्ये. कपाटामागे ब्लीचिंग पावडरचा डबा आणि काथ्याचा ब्रश होता, झिजून झिजून मुठीएवढा उरलेला.

मी कॉटवर बसले. आणि मला एक गोष्ट आठवली, जी मी विसरले होते असं म्हणणं खोटं होईल. वरचा मजला बांधायच्या आधी दोन वर्षं ह्याच भिंतीला आमच्या गोधड्यांच्या घड्या असायच्या, आणि एका साली त्या उलगडल्या तर तळच्या दोन बुरशीने चिकटून आल्या होत्या. कपाट तेव्हा आम्हीही सरकवलं होतं. वर हवेशीर आहे म्हणून आम्ही वर गेलो, असं मी सांगत असे. खरं तर आम्ही त्या वासातून उठून वर गेलो आणि तो वास रंग देऊन भाड्याने दिला. दर वेळी रंग. सिस्टरच्या आधी एक क्लासवाले मास्तर होते, त्यांच्या आधी तलाठ्याचं कुटुंब. कोणीच वर्ष-दीड वर्षाच्या वर टिकलं नाही आणि मला वाटायचं, बदल्यांचे लोक, टिकणार कसे.

लुगडी आणि कार्ड मी स्वतःच घेऊन रिक्षाने दवाखान्यात गेले. मावशींना वाफ देत होते, डोळे मिटलेले, बरगड्या वरखाली होत होत्या. सिस्टर बाहेर बाकावर आली. मला बघूनच तिने ओळखलं की मी प्लास्टिक उचललंय. डॉक्टर काय म्हणाले ते तिने सांगितलं. छातीला दम्याने धरलंय, धूर तर जुना होताच, पण घरात ओल असेल तर पेशंटला पुन्हा त्या घरात नेऊ नका. तिने ठरवूनही टाकलं होतं. आईला गावी भावाकडे धाडायचं. भाऊ अजून तोडीला जातो. तो निघाला की म्हातारी गावात एकटी कशी राहणार, तो तिला बरोबरच नेणार, कोपीवर नातवंडं सांभाळायला. ऊस जाळायचा धूर, पाचट, पहाटेची थंडी. ही छाती घेऊन. सिस्टर हे सगळं रजेचा अर्ज सांगावा तशा आवाजात सांगत होती आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की माझी भिंत ह्या बाईला परत उसात पाठवते आहे.

मग मला राग आला. तो स्वतःवर यायला हवा होता, पण मी आयुष्यभर मास्तरीण, तिच्यावरच ओरडले. तू नर्स आहेस, तुला कळत नव्हतं का, दोन वर्षं तोंडाला कुलूप लावून का बसलीस, मी काय वाघ आहे का?

ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडं यायच्या आदी मी अकरा खोल्या बघितल्या. अकराच्या अकरांनी आडनाव इचारलं. तुमी न्हाई इचारलं. मग ओल हाय म्हणून तुमच्या दारात कोन्या तोंडानं येऊ?"

मी तिच्यावर उपकार करून ठेवले होते आणि ती ते फेडत होती, रोज काथ्याच्या ब्रशने. वॉर्डात लोकांना ती ओलीत झोपू नका म्हणून सांगायची आणि घरी येऊन प्लास्टिक चिकटवायची. आणि मी शेजारणीला सांगत होते, आमचे भाडेकरू बघा.

त्याच बाकावर मी म्हटलं, गावी कुठेही पाठवायचं नाही. मुलगा पुण्याला असतो, वरची त्याची खोली रिकामी आहे, भिंत नीट होईपर्यंत दोघी तिथे राहा, तेवढे महिने भाडं बंद. ती तयार होईना. तुमचे पाहुणे येतात, बरं दिसत नाही, वगैरे. मी म्हटलं, हे मी उपकार म्हणून सांगत नाही, घर माझं आहे, भिंत माझी आहे, ही माझी जबाबदारी आहे. हे वाक्य मी तेव्हा जन्मात पहिल्यांदा उच्चारलं. तिने बघू म्हटलं.

घरी येऊन ह्यांना खाली नेलं. ह्यांनी भिंत पाहिली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली. आधी म्हणाले, कपडे आत वाळवत असतील, स्वयंपाकाची वाफ असेल, खिडकी उघडत नसतील. मी म्हटलं, खिडकी आहे कुठे ह्या बाजूला? मग म्हणाले, हौद माझ्या देखरेखीखाली बांधलाय, तो गळणार नाही. मी भांडले नाही. एवढंच म्हटलं की दोन दिवस दोन्हीकडची मोटार बंद ठेवा, बाहेरून चार घागरी आणून भागवू, आणि तुमच्या खुणा बघा. खाली तर कोणीच नव्हतं. ह्यांनी बघितल्या. कोणी थेंब घेतला नाही, तरी पातळी उतरलीच, रोज जेवढी जास्तीची उतरायची तेवढी. धरणाचं पाणी कुठे मुरतं ते इंजिनियरांना सांगणारा हा माणूस, त्या दिवशी झाकण धरून पोर्चमध्ये किती तरी वेळ बसून राहिला. संध्याकाळी उठून ह्यांनी मोटारीजवळचा तो कागद नखाने खरवडून काढला. हा माणूस लाजलाय हे मला दिसत होतं.

हौद दुरुस्त करायचा तर रिकामा करावा लागणार, आणि मे महिन्यात बीडमध्ये भरला हौद उपसणं म्हणजे वेड लागलंय की काय असंच कोणीही म्हणेल. ह्यांना ते जिवावर आलं. पाऊस पडू दे, मग बघू, असं दोन दिवस चाललं. पाऊस पडेपर्यंत मावशी गावी गेलेल्या असतील, एवढं मी रोज सकाळी चहाबरोबर आठवण करून देत होते. तिसऱ्या दिवशी ह्यांनी स्वतःच गल्लीत सांगितलं की ज्याला पाणी न्यायचं त्याने यावं. अर्ध्या तासात ड्रम, घागरी, कॅन, बाळाच्या आंघोळीचे टबसुद्धा रांगेत लागले. आमच्या घराला गल्लीने त्या दिवशी जेवढे आशीर्वाद दिले तेवढे वास्तुशांतीलाही मिळाले नव्हते. हे झाकणापाशी उभे राहून पाणी जाताना बघत होते आणि कोणी आशीर्वाद दिला की तोंड फिरवत होते.

गवंडी आत उतरला आणि त्याने आतूनच हाक मारली. खोलीकडच्या कोपऱ्यात, तळाशी, करंगळीचं नख शिरेल एवढी भेग. "साहेब, ही काल-परवाची न्हाई," तो म्हणाला, "हौद बांधला तवाचीच हाय." खोलीतलं प्लास्टर छातीच्या वरपर्यंत फोडून काढलं, आतल्या विटा पेंडीसारख्या हातात भुरभुरल्या. वायरमन आला तर त्याला अर्थिंगची वायरच सापडेना, ती बोर्डापर्यंत कोणी आणलीच नव्हती. त्याने सगळी लाइन नवी टाकली. पोर्चकडच्या भिंतीत उंचावर नवी खिडकी काढली, म्हणजे वारा आरपार जाईल. गवंडी म्हणाला, भिंत सुकायला घाई करू नका, आताच गिलावा कराल तर पुन्हा तेच. पावसाळाभर उघडी ठेवा.

मावशींना घरी सोडल्यावर दोघी वर राहायला आल्या. पहिले तीन-चार दिवस मावशी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थांबत, आत येत नसत. मी आत या म्हटलं की म्हणत, हितंच बरंय. चौथ्या दिवशी मी भाकरीचं पीठ भिजवून परात तशीच ओट्यावर ठेवली आणि सांगितलं की माझा हात दुखतोय. खरं तर दुखत नव्हता. त्या आल्या आणि मला जन्मात जमल्या नाहीत अशा पातळ भाकरी त्यांनी थापल्या. ह्यांनी एक जास्त खाल्ली. बहिणीचा फोन आला तेव्हा तिने विचारलं, कोण आहे गं घरात, आवाज येतोय. मी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प झाली आणि मग पावसाबद्दल बोलू लागली. मलाही तिचं ते गप्प होणं नवीन नव्हतं, मी स्वतः उंबऱ्यातून पातेली परत केलेली बाई आहे.

मुलाच्या खोलीची आणि आमची भिंत एक. पहाटे मावशींचा खोकला ऐकू यायचा. आधी बारीक, मग उसळी मारणारा, मग बराच वेळ नुसती शिट्टी वाजावी तसा श्वास, मग सिस्टरचं हळू बोलणं, मग दम्याचा पंप मारल्याचा आवाज. औषधाने आता कमी आहे, असं सिस्टर म्हणायची. म्हणजे ह्याहून जास्त दोन वर्षं माझ्या पायाखाली चाललं होतं आणि मध्ये फक्त एक स्लॅब होता. एका सकाळी मी मावशींना विचारलंच, तुम्ही तरी सांगायचं ना. त्या पंप कनवटीला खोचत म्हणाल्या, "पोरगी म्हणली, आई, हे घर गेलं तर दुसरं कुटं बघू? मग काय, बाहीर वारं व्हतं, बाहीर बसले." सवय म्हणून नाही. वाऱ्यासाठी. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की खोकला आटोक्यात राहील, पण छातीचं जे गेलं ते गेलं, पंप आता जन्माचा. हे मला रडवायला पुरेसं होतं आणि मी रडले, न्हाणीत नळ सोडून. मग नळ बंद केला, कारण पाणी वाया जात होतं.

अकरा महिन्यांचा करार नवा करायचा होता. जुना काढून मी पहिल्यांदा शिक्षकासारखा, ओळीवर बोट ठेवून वाचला. भाडेकरूने खिळे ठोकू नयेत. भाडेकरूने पाणी जपून वापरावे. भाडेकरूने जागा जशी घेतली तशीच परत करावी. दोन पानं भाडेकरूने काय करावं ह्याची, आणि घरमालकाने काय करावं ह्याची एक ओळ नाही. कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये टायपिंगवाला बसतो, त्याला मी म्हटलं, लिहा, घरातली ओल, गळती, बुरशी, विजेची लाइन आणि हवा ह्यांची जबाबदारी घरमालकाची राहील. भाडेकरूने कळवल्यापासून आठ दिवसांत घरमालक काम सुरू करील. काम चालू असताना जागा राहण्याजोगी नसेल तर भाडं लागणार नाही. त्याने बोटं थांबवली आणि माझ्याकडे वर पाहिलं. मालक स्वतःच्या विरोधात असं कधी लिहून देत नाही, तुम्ही भाडेकरू आहात का, असं त्याने विचारलं. मी मालकीण म्हटल्यावर शेजारच्या वकिलांनी मान वळवली आणि म्हणाले की घर राहण्याजोगं ठेवायचं काम मालकाचंच, हे कायद्यात आधीपासून आहे, फक्त इथे कोणी ते लिहीत नाही आणि कोणी मागत नाही. मी म्हटलं, मग लिहाच. "कळविल्यापासून"मधलं ऱ्हस्व-दीर्घ मी त्याच्याकडून दोनदा दुरुस्त करून घेतलं.

सिस्टरने करार वाचला, सही केली आणि धन्यवाद मॅडम म्हणाली. तिचं ते धन्यवाद मला टोचलं. कागद बदलला होता, पण ती अजून माझ्या तोंडाकडेच बघत होती.

दसऱ्यानंतर भिंत कोरडी ठणठणीत झाली. गवंड्याने तळहात लावून पाहिला, मग ह्यांनी, मग मी. नवा गिलावा झाला, तोही सुकू दिला, आणि मगच रंग दिला. दोघी पुन्हा खाली राहायला गेल्या. त्याच आठवड्यात मावशींचा मुलगा टोळीबरोबर निघाला. जाताना एक रात्र आईला भेटायला थांबला. सकाळी ट्रक आला, मावशी फाटकापर्यंत गेल्या, नातवंडांच्या हातात खाऊ दिला, आणि ट्रक गेल्यावर मागे वळून खालच्या खोलीत गेल्या. आत. मी वरून बघत होते.

त्यानंतर पाचव्या दिवशी, आमचा सकाळचा चहा चालला असताना, सिस्टर जिना चढून वर आली. खाली राहत असताना ती वर यायची ती भाडं द्यायला, नाहीतर खिरीचं पातेलं घेऊन. ह्या वेळी हात रिकामे होते. दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, नव्या खिडकीला जाळी न्हाई. आईला डास लई चावत्यात. ह्या आठवड्यात बसवून द्या."

जमलं तर नाही. तुम्हाला त्रास नसेल तर नाही. बसवून द्या.

खरं सांगते, पहिल्यांदा रागच आला. हौद उपसला, भिंत फोडली, पावसाळाभर वर ठेवून घेतलं, खिडकी करून दिली, आणि आता हिला जाळी हवी. ह्यांनी पेपरामागून माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याही मनात तेच होतं. राग ओठापर्यंत आला आणि तिथेच थांबला, कारण माझ्या लक्षात आलं की अडीच वर्षांत तिने आमच्याकडे मागितलेली ही पहिली वस्तू.

मी म्हटलं, उद्या सकाळी सुताराला बोलावते.

"सकाळी माझी ड्युटी हाय," ती म्हणाली. "दुपारी बोलवा." आणि धन्यवाद न म्हणता जिना उतरून गेली.